एकाच गवताची तीन नावे
कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात हिरवळीची निवड

भाद्रपद महिना आला की महाराष्ट्रातील घराघरांत एकवीस दूर्वांची जुडी बांधली जाते. परसदारी, बांधावर, मंदिराच्या आवारात जेथे मिळेल तेथून ती खुडून आणली जाते आणि मोठ्या भक्तिभावाने गणरायाच्या मस्तकी वाहिली जाते. हीच दूर्वा शेतात उगवली की तिचे नाव बदलते. तेथे ती 'हरळी' होते. कुळवाने ओढावी, कुदळीने खणावी, उन्हात वाळवावी, तरी पहिल्या पावसासरशी पुन्हा डोके वर काढणारी ही हरळी शेतकऱ्याच्या डोळ्यांत सलते. हेच गवत शहरातील बंगल्यापुढे नीट कापून, पाणी घालून वाढवले की त्याला 'लॉन' म्हणतात आणि त्यासाठी लोक आनंदाने पैसे मोजतात. देवघरात पूज्य, शेतात त्याज्य आणि अंगणात हौसेचे, अशी एकाच गवताची ही तीन रूपे आहेत.

महाराष्ट्रापासून दूर, तामिळनाडूतील तंजावरच्या परिसरात याच गवताला 'अरुगम्पुल' म्हणतात. तेथेही ते गणपतीलाच प्रिय आहे. गावाच्या वेशीवर, पिंपळाखाली, तळ्याच्या काठी बसलेल्या पिळ्ळैयाराच्या गळ्यात अरुगम्पुलाची माळ असते. शुभकार्याच्या आरंभी हळदीच्या गोळ्याचा पिळ्ळैयार करून त्याच्यावर या गवताच्या काड्या खोवण्याची प्रथा आहे. वधूवरांना आशीर्वाद देताना, वडासारखा विस्तार होवो आणि अरुगासारखी मुळे पसरोत, अशी शुभेच्छा तमिळ भाषेत दिली जाते. या आशीर्वादात वनस्पतिशास्त्राचे एक मर्म दडले आहे. अंगणात हिरवळ लावू इच्छिणाऱ्या प्रत्येकाने ते जाणून घ्यावे असे आहे.

मराठी माणसाच्या ओळखीचा प्रदेश

तंजावर हे नाव मराठी वाचकाला परके नाही. छत्रपती शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी ऊर्फ एकोजीराजे यांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात येथे भोसले घराण्याची सत्ता स्थापन केली. ती 1855 पर्यंत टिकली. दुसऱ्या सरफोजीराजांनी समृद्ध केलेला सरस्वती महाल ग्रंथसंग्रह आजही विद्वानांचे तीर्थक्षेत्र आहे. राजराज चोळाने उभारलेल्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास सांगणारा, 1803 मधील प्रदीर्घ मराठी शिलालेख कोरलेला आहे. त्या मंदिराच्या विस्तीर्ण प्रांगणात आज पुरातत्त्व खात्याने हिरवळ राखली आहे. दारासुरम् आणि गंगैकोंडचोळपुरम् येथील चोळकालीन मंदिरांच्या आवारातही दगडी शिल्पांच्या पायाशी हिरवा गालिचा दिसतो. दुपारच्या उन्हात तापलेला दगड आणि त्याच्या शेजारची शीतल हिरवळ पाहून परतणाऱ्या पर्यटकाच्या मनात, आपल्या घरापुढेही असेच काही असावे, अशी इच्छा निर्माण झाली तर नवल नाही.

ही इच्छा अलीकडे वाढली आहे. शहरात वा परदेशात नोकरी करून निवृत्त झालेली मंडळी कावेरीकाठच्या आपल्या मूळ गावी परततात, जुन्या कौलारू घराच्या जागी नवे घर बांधतात आणि त्यापुढे हिरवळीसाठी जागा राखतात. रोपवाटिकेत गवताच्या लाद्या तयार मिळतात. सकाळी टेम्पो येतो आणि सायंकाळपर्यंत अंगण हिरवेगार होते. चूक होते ती येथेच. चित्रात सुंदर दिसलेले गवत उचलून आणले जाते. ते या मातीत, या उन्हात आणि या पाण्यावर जगेल काय, हा प्रश्न विचारायचा राहून जातो. मग पहिल्या उन्हाळ्यात ते पिवळे पडते, दुसऱ्या पावसाळ्यात सडते आणि तिसऱ्या वर्षी त्या जागी फरशी बसवली जाते.

परदेशी कल्पना, देशी गवत

कापून राखलेल्या हिरवळीची कल्पना मुख्यतः इंग्लंडसारख्या थंड आणि वर्षभर भुरभुर पाऊस पडणाऱ्या देशात रुजली. तेथे निसर्गच हिरवळ सांभाळतो, माणसाने फक्त ती कापायची असते. गवत कापण्याचे पहिले यंत्र एडविन बडिंग यांनी इंग्लंडमध्ये 1830 साली तयार केले. त्या वेळी तंजावरच्या गादीवर सरफोजीराजे होते. पुढे इंग्रज अधिकाऱ्यांबरोबर त्यांचे बंगले, क्लब आणि त्यांपुढील हिरवळ भारतात आली. मात्र त्यांनी विलायतेहून आणलेल्या गवतांना दक्षिणेचे ऊन सोसले नाही आणि अखेर त्यांनाही देशी दूर्वेचाच आश्रय घ्यावा लागला. इंग्रजीत या गवताला 'बर्म्युडा ग्रास' म्हणतात. परंतु बर्म्युडा बेट हे त्याचे मूळ स्थान नव्हे. आपल्या परसातील हरळी आज जगभरातील क्रीडांगणांवर या परक्या नावाने मिरवते आहे.

विलायती गवत येथे का टिकत नाही, याचे कारण पानांच्या आत दडलेले आहे. सूर्यप्रकाशात अन्न तयार करण्याच्या पद्धतीवरून गवतांचे ढोबळमानाने दोन वर्ग पडतात. ब्लू ग्रास, राय ग्रास, फेस्क्यू ही थंड हवेची गवते साधारण 15 ते 24 अंश सेल्सियस तापमानात उत्तम वाढतात. ऊन वाढले की त्यांची अन्न तयार करण्याची क्षमता घटते आणि तयार केलेल्या अन्नाचा मोठा भाग श्वसनातच खर्ची पडतो. मिळकत कमी आणि खर्च अधिक, अशी त्यांची स्थिती होते. साठवलेली पुंजी संपली की ती मरतात. दूर्वा, मनिला गवत यांसारखी उष्ण हवेची गवते मात्र 27 ते 35 अंशांच्या दरम्यान जोमाने वाढतात आणि तेवढेच पाणी वापरून अधिक अन्न तयार करतात. तंजावर परिसरात मे महिन्यात पारा 37-38 अंशांपर्यंत सहज जातो आणि पौष-माघातील पहाटेही तो क्वचितच 20 अंशांखाली उतरतो. अशा ठिकाणी थंड हवेच्या गवताचा विचारही करण्याचे कारण नाही. बियांचे परदेशी पाकीट कितीही आकर्षक असले तरी ते दुकानातच राहू द्यावे.

भात हेही गवतच

स्थान पाहून गवत निवडण्याची कला या प्रदेशाला नवी नाही. ज्याच्यामुळे तंजावरला 'तामिळनाडूचे धान्यकोठार' म्हटले जाते, ते भात शास्त्रीयदृष्ट्या गवताच्याच कुळातले आहे. ऊस आणि बांबूही त्याच कुळातले. कल्लणै या प्राचीन बंधाऱ्यापाशी कावेरीचे पाणी विभागले जाते आणि असंख्य शाखा-उपशाखांतून ते समुद्रापर्यंत पोहोचते. या साऱ्या वाटेवर शेतकरी शतकानुशतके एकच प्रश्न विचारत आला आहे : या शेताला, या हंगामाला कोणते भात?

त्याची उत्तरे हंगामांच्या नावांत सापडतात. मेट्टूर धरणाचे पाणी जूनमध्ये सुटल्यावर लावायचे ते अल्प मुदतीचे 'कुरुवै', ईशान्य मोसमी पावसावर पोसायचे ते दीर्घ मुदतीचे 'सांबा' आणि कुरुवै कापल्यानंतर त्याच शेतात घ्यायचे ते 'ताळडी'. आडुतुरै येथील भात संशोधन केंद्र 1922 पासून या हंगामांसाठी वाण तयार करीत आले आहे. सुमारे 110 दिवसांत येणारा 'एडीटी 43' कुरुवैसाठी, तर पाच महिन्यांहून अधिक काळ शेतात उभा राहणारा 'सीआर 1009' सांबासाठी वापरला जातो. या दुसऱ्या वाणात पुढे पाण्याखाली तग धरण्याचा गुण आणला गेला, कारण कार्तिकात येथील शेते कित्येक दिवस बुडून राहतात. क्षारयुक्त जमिनीसाठी तिरुचिरापल्लीच्या कृषी संशोधकांनी 'टीआरवाय' मालिकेतील वाण दिले. पारंपरिक वाणांतही हाच विवेक दिसतो. पुरुषभर उंच वाढणारे 'काट्टुयाणम्' हे भात सखल, पाणथळ शेतांसाठी राखलेले असे. तिरुवारूर जिल्ह्यातील 'नेल' जयरामन यांनी अशा शंभराहून अधिक जुन्या वाणांचा शोध घेऊन ते शेतकऱ्यांच्या हाती परत दिले. 2018 मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांनी जपलेले बियाणे मात्र आजही पेरले जाते.

ज्या गावात भाताचे वाण निवडताना शेताची उंची, पाण्याची पाळी आणि मातीचा पोत पाहिला जातो, त्याच गावात अंगणातील गवत मात्र केवळ रंग पाहून निवडले जावे, हा विरोधाभासच म्हणावा लागेल.

तीन माती, तीन उत्तरे

त्रिभुज प्रदेश नकाशावर एकसारखा हिरवा दिसत असला तरी तो एकजिनसी नाही. हिरवळीच्या दृष्टीने त्याचे तीन पट्टे मानता येतात.

पहिला पट्टा जुन्या त्रिभुज प्रदेशाचा. तंजावर, तिरुवैयारू, कुंभकोणम्, तिरुवारूर या भागांत कावेरी आणि वेण्णार यांनी आणून टाकलेली चिकण गाळाची माती आहे. ती सुपीक आहे, पाणी धरून ठेवते. परंतु पावसाळ्यात तिच्यातून पाण्याचा निचरा लवकर होत नाही आणि उन्हाळ्यात ती भेगाळते. येथे उघड्या, भरपूर उन्हाच्या अंगणासाठी दूर्वेसारखे गवत नाही. जमिनीवरून धावणारी आणि जमिनीखालून सरकणारी अशी दुहेरी खोडे असल्याने ती तुडवली गेली तरी पुन्हा भरून येते. कडक उन्हात पाणी मिळाले नाही तर ती पिवळी पडते, पण मरत नाही. पाऊस पडताच जमिनीखालील खोडांतून ती पुन्हा फुटते. तमिळ आशीर्वादाचे मर्म हेच होय. तिची अट एकच आहे : दिवसाकाठी किमान सहा तास थेट ऊन.

दुसरा पट्टा नव्या त्रिभुज प्रदेशाचा. 1934 मध्ये मेट्टूर धरण पूर्ण झाले. त्याच योजनेत खोदलेल्या ग्रँड अनिकट कालव्याने ओरत्तनाडु, पट्टुक्कोट्टै, पेरावूरणी या भागांत पाणी आणले. येथील माती तांबूस, वाळूमिश्रित आणि हलकी आहे. पाणी झटकन मुरते आणि तितक्याच झटकन संपते. शिवाय हा नारळाच्या बागांचा मुलूख आहे. दाट सावलीत दूर्वा विरळ होत जाते. अशा ठिकाणी अर्धवट सावली सोसणारे, दाट आणि मऊ मनिला गवत अधिक चांगले. ते सावकाश वाढते, त्यामुळे कापणीही कमी लागते. जेथे सावली आणि ओलावा दोन्ही आहेत तेथे रुंद पानांचे कार्पेट गवत चालते. मात्र ते पाण्याचा ताण सोसत नाही, हे ध्यानी ठेवावे. या भागाचा आणखी एक धडा आहे. 16 नोव्हेंबर 2018 रोजी आलेल्या 'गज' चक्रीवादळाने येथील नारळाची अगणित झाडे एका रात्रीत उन्मळून पडली. काल जे अंगण सावलीत होते ते दुसऱ्या दिवशी रणरणत्या उन्हात आले. सावलीचे गवत सावली असेपर्यंतच टिकते. म्हणून अंगणाच्या उघड्या कडेला दूर्वेचा पट्टा राखणे शहाणपणाचे ठरते.

तिसरा पट्टा किनाऱ्याचा. नागपट्टिनम्, वेदारण्यम् परिसरात माती वाळूची, भूजल मचूळ आणि वारा खारा. 26 डिसेंबर 2004 च्या त्सुनामीने भारताच्या मुख्य भूमीवर सर्वाधिक बळी घेतले ते नागपट्टिनम् जिल्ह्यात. किनाऱ्यालगतची शेते समुद्राच्या पाण्याखाली गेली आणि मातीत मीठ साठले. पुढे पावसाच्या पाण्याने ते धुऊन काढणे, हिरवळीची खते गाडणे, सेंद्रिय पदार्थ वाढवणे अशा उपायांनी जमिनी पुन्हा पिकाखाली आल्या. या भागात बोअरच्या पाण्याची क्षारता तपासल्याशिवाय कोणतेही गवत लावू नये. पाणी थोडेसे खारे असेल तर दूर्वा किंवा मनिला गवत तग धरते. अधिक खारे असेल तर समुद्रकाठचे पॅस्पॅलम् गवत हाच विश्वासार्ह पर्याय आहे. ते मिठालाही दाद देत नाही आणि काही काळ साचलेल्या पाण्यालाही. कार्पेट गवत मात्र खाऱ्या पाण्यावर जगत नाही.

या तिन्ही ठिकाणी एक सावधगिरी समान आहे. रोपवाटिकांतील नावे फसवी असतात. 'कोरियन', 'मेक्सिकन', 'सिलेक्शन वन' अशी नावे एका गावात एका गवताला, तर शेजारच्या गावात दुसऱ्याच गवताला दिलेली आढळतात. म्हणून नावावर न जाता, तेच गवत त्याच परिसरात किमान एक उन्हाळा आणि एक पावसाळा काढलेले प्रत्यक्ष पाहावे. कर्जदाराची पत जशी मागील व्यवहारावरून ठरते, तशी गवताची पत त्याने काढलेल्या ऋतूंवरून ठरते.

लादी की कांडी?

हिरवळ दोन प्रकारे लावता येते. पहिला प्रकार तयार लाद्यांचा. शेतात वाढवलेले गवत मुळांसह आणि मातीच्या पातळ थरासह कापून आणायचे आणि विटांसारखे जोडून बसवायचे. दुसरा प्रकार कांड्यांचा. गवताच्या धावत्या खोडाचे तुकडे दहा ते पंधरा सेंटीमीटर अंतरावर टोचून लावायचे. लादी त्याच दिवशी हिरवी दिसते आणि दोन-तीन आठवड्यांत मूळ धरते. दूर्वेच्या कांड्यांना अंगण झाकायला उबदार हवेत दोन ते तीन महिने लागतात. मनिला गवताला त्याहून बराच अधिक काळ लागतो.

घाई असेल तर लादी हवी हे खरे. परंतु तिची किंमत पावतीवरील रकमेपुरती मर्यादित नसते. लादीबरोबर कोणाच्या तरी शेताची सुपीक माती उचलली जाते. दोन सेंटीमीटर जाडीची लादी धरली तर शंभर चौरस मीटरच्या अंगणासाठी दोन घनमीटर माती दुसऱ्या जमिनीवरून निघून येते. पूर्वी कावेरी दरवर्षी पुरासोबत नवा गाळ आणून ही तूट भरून काढी. आता तो गाळ मोठ्या प्रमाणावर धरणांतच अडतो. ठेव काढली जाते, पण नवी भरली जात नाही, असा हा व्यवहार आहे. शिवाय लादीच्या मातीतून लव्हाळ्याच्या गाठी न बोलावता घरी येतात आणि एकदा लव्हाळा शिरला की तो वर्षानुवर्षे हटत नाही. लादीची माती आणि अंगणाची माती भिन्न असली, उदाहरणार्थ तांबड्या मातीची लादी चिकण मातीवर बसवली, तर दोहोंच्या सांध्यावर पाणी अडते आणि मुळे वरच्या थरातच अडकून राहतात.

कांड्या लावण्याने हे सारे टळते. त्यात माती लागत नाही. एका चौरस मीटर गवताच्या कांड्या कितीतरी मोठ्या जागेला पुरतात. आणि आणखी एक गोष्ट विचारात घेण्याजोगी आहे. ओळीने, ठरावीक अंतरावर, चिखलात रोप टोचण्याची कला या गावांतील स्त्रियांच्या हातांत पिढ्यान्‌पिढ्या आहे. ज्या हातांना भाताची लावणी येते, त्या हातांना गवताची लावणी शिकवावी लागत नाही. दूरच्या रोपवाटिकेला आणि टेम्पोला जाणारा पैसा अशा वेळी गावातच मजुरीच्या रूपाने राहतो.

लागवड कोणत्याही प्रकारे केली तरी तिची वेळ महत्त्वाची आहे. महाराष्ट्रात मृगाच्या पावसावर लागवड करण्याची सवय असते. तंजावरकडे ही सवय उपयोगी पडत नाही. तेथे नैर्ऋत्य मोसमी पाऊस तुरळक असतो आणि वर्षाच्या पावसाचा सुमारे निम्मा, किनाऱ्याकडे त्याहूनही मोठा वाटा ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात पडतो. त्या ऐन पावसात चिकण मातीवर लावलेले गवत कुजते. ऑगस्टपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत लागवड केली तर मोठा पाऊस येण्यापूर्वी मुळे पसरतात. ती वेळ हुकल्यास पावसानंतर जानेवारी-फेब्रुवारीत, जमिनीत ओल असताना लागवड करावी. एप्रिल-मे मात्र पूर्णपणे वर्ज्य मानावा.

लागवडीपूर्वी मातीची तपासणी करावी, जमिनीला घरापासून बाहेरच्या बाजूस शंभर मीटरला एक ते दोन मीटर इतका उतार द्यावा, चिकण मातीत भरपूर शेणखत मिसळावे आणि लव्हाळा खणून काढावा. लागवडीनंतर रोज थोडे थोडे पाणी देण्याचा मोह मूळ धरेपर्यंतच ठेवावा. पुढे काही दिवसांच्या अंतराने, पण खोलवर भिजेल असे पाणी द्यावे. त्यामुळे मुळे ओलाव्याच्या शोधात खाली जातात. एका वेळी पानांच्या उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा अधिक कापू नये आणि उन्हाळ्यात गवत थोडे उंचच ठेवावे.

पाण्याचा ताळेबंद

येथपर्यंतचा विचार गवताच्या हिताचा झाला. परंतु कावेरीच्या प्रदेशात गवताचा विचार पाण्याला सोडून पूर्ण होत नाही.

हिशेब सोपा आहे. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. कडक उन्हाळ्यात हिरवीगार राखलेली हिरवळ दिवसाला साधारण चार ते पाच मिलिमीटर पाणी वापरते. म्हणजे शंभर चौरस मीटरच्या हिरवळीला रोज चारशे ते पाचशे लिटर पाणी लागते. ग्रामीण भागात दरडोई दररोज 55 लिटर पाणी मिळावे, असे जल जीवन मिशनचे प्रमाण आहे. मध्यम आकाराची एक हिरवळ उन्हाळ्यात रोज आठ माणसांचे पाणी पिते. एप्रिल ते जून या तीन महिन्यांत ही रक्कम चाळीस हजार लिटरच्या घरात जाते. लाद्यांची खरेदी हा एकदाच करायचा भांडवली खर्च. पाणी हा दरवर्षी वाढत जाणारा आवर्ती खर्च. अनुभवी माणूस नेहमी दुसरा आकडा आधी विचारतो.

हे पाणी येते कोठून? बहुतेक गावांत ते जमिनीखालून उपसले जाते आणि त्याच भूजलावर शेजारच्या शेतातील भाताची रोपवाटिकाही उभी असते. मेट्टूरचे दरवाजे 12 जून रोजी उघडावेत असा प्रघात आहे. पण पाणीच नसल्याने 2012 ते 2019 या सलग आठ वर्षांत तो पाळता आला नाही. 2020 मध्ये पाणी वेळेवर सुटले. 2024 मध्ये त्याला जुलैअखेर उजाडली. 2016 चा ईशान्य मोसमी पाऊस तर इतका फसला की जानेवारी 2017 मध्ये संपूर्ण तामिळनाडू राज्य दुष्काळग्रस्त जाहीर करावे लागले. फेब्रुवारी 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कावेरीच्या पाण्यातील राज्यांचे वाटे निश्चित केले. तरीही प्रत्येक तुटीच्या वर्षी थेंबाथेंबाचा हिशेब नव्याने मांडला जातो. कालव्याच्या अगदी शेवटच्या टोकाला असलेल्या गावांना तमिळमध्ये 'कडैमडै' म्हणतात. आपल्याकडे ज्याला 'टेलचा शेतकरी' म्हणतात, तोच हा. धरण उघडल्यानंतर पाणी त्याच्यापर्यंत सर्वांत शेवटी पोहोचते आणि तुटीच्या वर्षी पोहोचतच नाही. त्याच्या गावात उन्हाळ्यात हिरवीगार राखलेले मोठे अंगण पाहणाऱ्याच्या डोळ्यांना थंडावा देईल; शेजाऱ्याच्या मनाला देईलच असे नाही.

याचा अर्थ हिरवळ लावूच नये असा नव्हे. ती किती लावावी, याचा विवेक हवा. शंभरऐवजी तीस चौरस मीटर हिरवळ राखली तर रोजची गरज सव्वाशे-दीडशे लिटरवर येते. चार माणसांच्या घरातील स्नानाचे आणि धुण्याभांड्यांचे पाणी योग्य रीतीने वळवल्यास यातील बराचसा भाग त्यातूनच भागू शकतो. मोरीचे पाणी केळी-कर्दळीला सोडण्याची रीत कावेरीकाठी काय आणि कृष्णाकाठी काय, जुनीच आहे. ते पाणी आधी कर्दळीच्या वाफ्यातून जाऊ द्यावे आणि मग हिरवळीला द्यावे. साबणातील क्षारांचा उपद्रव त्यामुळे कमी होतो. छपरावरचे पावसाचे पाणी जमिनीत मुरवणे तामिळनाडूत 2003 पासून सक्तीचे आहे. शंभर चौरस मीटरच्या छपरावर एक हजार मिलिमीटर पाऊस पडला तर हिशेबाने एक लाख लिटर पाणी मिळते. त्यातील काही वाहून गेले, काही वाफ होऊन गेले, तरी उरलेले पाणी लहान हिरवळीच्या उन्हाळी गरजेपेक्षा कितीतरी अधिक असते. आधी जमा करावे आणि मग खर्च करावे, हा नियम पाण्यालाही लागू आहे.

आणि उन्हाळ्याचे दोन महिने दूर्वा पिवळी पडली तर पडू द्यावी. तो तिचा मृत्यू नसून विश्रांतीचा काळ असतो. आठ-दहा दिवसांनी दिलेले एखादे पाणी तिला जिवंत ठेवायला पुरते.

उंबरठ्यासमोरची जागा

कावेरीकाठच्या जुन्या घराची रचना पाहिली तर एक गोष्ट लक्षात येते. दारापुढे गवत नसे. ओट्याला लागून झाडलेले, शेणाने सारवलेले अंगण असे आणि पहाटे त्यावर तांदळाच्या पिठाचे कोलम उमटत असे. ते पीठ मुंग्या-चिमण्यांच्या मुखी जावे, ही त्यामागची भावना. गवत वाढे ते परसदारी, तळ्याच्या काठावर आणि बांधावर. तेथे गाय चरत असे आणि तेथूनच पिळ्ळैयारासाठी अरुगम्पुल खुडले जाई. कोणालाही विशेष पाणी न घालता ते तेथे शतकानुशतके टिकले.

नव्या घराच्या मालकाला हीच वाटणी अधिक शोभिवंत करता येईल. दारापुढे कोलमसाठी मोकळी जागा, बाजूला ऊन पडते तेथे दूर्वेचा छोटासा गालिचा, झाडांच्या सावलीत मनिला गवत आणि कडेला केळी-कर्दळी. या योजनेला परदेशी बियाण्याची आवश्यकता नाही, दूरच्या लाद्यांची नाही आणि शेजाऱ्याच्या वाट्याच्या पाण्याचीही नाही. पहिल्या कांड्यांसाठी रोपवाटिकेत जाण्याचेही बहुधा कारण पडणार नाही. गावच्या बांधावर ते गवत उभेच आहे. शेतकरी ते उपटून फेकतच असतो. त्याला विचारून टोपलीभर घेतले तर तो आनंदाने देईल आणि एवढ्या हौसेने हरळी घरी नेणाऱ्या माणसाकडे क्षणभर कौतुकाने पाहीलही.